सर्बियाची विश्वविजेती व्हॉलीबॉलपटू सर्बियात का खेळत नाही?

२०१८ मध्ये योकोहामात इटलीला ३-२ असं आणि २०२२ मध्ये ॲपलडोर्नला ब्राझीलला ३-० असं हरवून सर्बियाच्या महिला संघाने लागोपाठ दोनदा जागतिक विजेतेपद मिळवलं. देशाची लोकसंख्या सत्तर लाखांच्याही आत. दोन्ही वेळा स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू एकच होती, तियाना बोश्कोविच. पण या संघातल्या बहुतेक मुख्य खेळाडूंचा पगार बेलग्रेडमधून येतच नव्हता. तो येत होता इस्तंबूलमधून, इटलीतून, पोलंडमधून. पुरुषांच्या संघाची कथाही वेगळी नाही. क्राल्येवो शहराचा मिडल ब्लॉकर (नेटच्या मधोमध खेळणारा) स्रेच्को लिसिनात्स पोलंड, बर्लिन, परत पोलंड आणि मग इटलीतलं त्रेंतो असा फिरला.

यात देशप्रेम कमी पडल्याचा प्रश्न नाही. सर्बियातली देशी लीग ही रोपवाटिका आहे. नोवी सादचा व्होयवोदिना, बेलग्रेडचे पार्टिझान आणि रेड स्टार हे क्लब मुलं घडवतात, त्यांना मोठ्यांच्या सामन्यांत लवकर उतरवतात, आणि विशीच्या आसपास ती बाहेर जातात. देशात प्रायोजक थोडे, टीव्हीचा पैसा थोडा, तिकिटांचं उत्पन्न त्याहून थोडं. त्यामुळे सर्बियाच्या खेळाडूचं करिअर समजून घ्यायचं तर ते एका नोकरीसारखं पाहून चालत नाही. त्या खेळाडूला दोन मालक असतात. क्लब पैसे देतो, राष्ट्रीय संघ नाव देतो. या दोघांचं वेळापत्रक एकाच शरीरावर चालतं, आणि पुढच्या बहुतेक भानगडी तिथूनच सुरू होतात.

वर्षाची वाटणी

ढोबळमानाने ऑक्टोबर ते मे हा क्लबचा हंगाम. तुर्कस्तानच्या महिला लीगमध्ये चौदा संघ असले की प्रत्येकाचे साखळीतलेच २६ सामने होतात. त्यावर प्ले-ऑफ, देशांतर्गत कप आणि युरोपची चॅम्पियन्स लीग. मेअखेरीपासून राष्ट्रीय संघाचं काम सुरू. २०१८ पासून, २०२० चा अपवाद सोडला तर, दर उन्हाळ्यात नेशन्स लीग होते. तिच्या साखळीत प्रत्येक संघ तीन आठवड्यांत बारा सामने खेळतो, आणि हे तीन आठवडे बऱ्याचदा वेगवेगळ्या खंडांत असतात. त्यानंतर त्या वर्षी जे असेल ते: ऑलिंपिक, जागतिक स्पर्धा किंवा युरोपीय स्पर्धा. २०१८ आणि २०२२ या दोन्ही जागतिक स्पर्धांचे अंतिम सामने ऑक्टोबरच्या मध्यावर संपले. म्हणजे सुवर्णपदक गळ्यात पडलं तेव्हा क्लबचा हंगाम दारात उभा होता.

सलग पाच-सहा आठवडे विश्रांती मिळेल अशी जागा या कॅलेंडरमध्ये आपोआप निघत नाही, ती कोणाच्या तरी वाट्यातून काढावी लागते. सर्बिया ती नेशन्स लीगमधून काढतो. २०२१ मध्ये महिलांच्या नेशन्स लीगला त्यांनी दुसऱ्या फळीचा संघ पाठवला, तळाच्या संघांत राहिले, आणि काही आठवड्यांनी टोकियोत मुख्य संघाने दक्षिण कोरियाला हरवून ऑलिंपिक ब्राँझ घेतलं. हिशेब बरोबर होता. मात्र आता हा मार्ग महाग झाला आहे. जागतिक क्रमवारी प्रत्येक सामन्यागणिक बदलते, नेशन्स लीगचे सामने तीत मोजले जातात आणि ऑलिंपिकची काही तिकिटं क्रमवारीवरून मिळतात. जूनमध्ये दिलेली विश्रांती दोन वर्षांनी अंगाशी येऊ शकते.

चौदाव्या वर्षी घर सोडणं

बोश्कोविचचा जन्म ८ मार्च १९९७ चा, बोस्निया-हर्झेगोविनातल्या त्रेबिन्ये इथला. वाढली शेजारच्या बिलेचात. २०११ मध्ये, चौदाव्या वर्षी, ती बेलग्रेडच्या पार्टिझान व्हिझुरा क्लबात आली. सतराव्या वर्षी २०१४ च्या जागतिक स्पर्धेत सर्बियाकडून खेळली, अठराव्या वर्षी इस्तंबूलच्या एज्झाजीबाशी क्लबशी करार केला आणि एकोणिसाव्या वर्षी रिओ ऑलिंपिकचं रौप्य मिळवलं.

इतकी घाई सगळ्यांची नसते, पण क्रम हाच असतो. लहान गावातला क्लब, मग चौदा ते सोळाच्या दरम्यान मोठ्या शहरातला, तिथे शाळा आणि सराव बरोबरीने, मग देशाच्या लीगमध्ये दोन-तीन हंगाम, आणि मग परदेश. या क्रमात सर्वांत जास्त चुका शेवटच्या पायरीवर होतात. सतराव्या वर्षी मोठ्या क्लबचा कागद समोर आला की घरचे हरखून जातात. पण तिथे ती तिसरी युनिव्हर्सल, म्हणजे उजव्या टोकावरून मारणारी अटॅकर, असेल तर वर्षभर सराव होतो, सामना होत नाही. दबावात चेंडू कुठे मारायचा हे सरावात शिकता येत नाही. वीस-बावीस गुणांच्या पुढे सेट अडकलेला असताना तुम्हालाच चेंडू येणार आहे हे समोरच्या तिन्ही ब्लॉकर्सना ठाऊक असतं, आणि तरी गुण काढायचा असतो. म्हणून जाणते प्रशिक्षक मुलीला आधी मधल्या दर्जाच्या पण तिला कोर्टवर उभी करणाऱ्या क्लबात पाठवतात.

दुसरी चूक उंचीशी जोडलेली आहे. बारा-तेराव्या वर्षी सर्वांत उंच असलेल्या मुलीला थेट नेटजवळ मिडलला उभं केलं जातं, कारण त्याने लहान वयात सामने जिंकता येतात. पासिंग, म्हणजे समोरची सर्व्हिस उचलणं, आणि मागचा बचाव मग ती शिकतच नाही. अठराव्या वर्षी बाकीच्या तिच्याएवढ्या उंच झालेल्या असतात आणि तिला दुसरी जागा उरत नाही.

पैसा जागेप्रमाणे मिळतो

महिलांची नेट २.२४ मीटर उंच, पुरुषांची २.४३. कोर्ट १८ बाय ९, मधल्या रेषेपासून तीन मीटरवर अटॅक लाइन. भारतातल्या प्राइम व्हॉलीबॉल लीगने ज्या जागेचं नाव युनिव्हर्सल म्हणून घराघरांत पोचवलं, ती युरोपच्या बाजारातली सर्वांत महाग जागा आहे. का, ते नीट पाहण्यासारखं आहे.

सर्व्हिसवर पास चांगला बसला, म्हणजे चेंडू नेटजवळ सेटरच्या (स्मॅशसाठी चेंडू उचलून देणाऱ्याच्या) डोक्यावर आला, तर सेटरकडे चार पर्याय असतात. मिडलला वेगवान चेंडू देता येतो, ब्लॉक फुटतो, कोणीही गुण मिळवू शकतं. पण समोरून ताकदवान जंप सर्व्हिस येते तेव्हा पास तीन मीटर रेषेच्या मागे राहतो किंवा बाजूला उडतो. मिडल बाद. सेटर धावत जाऊन कसाबसा उंच चेंडू उचलतो, आणि तो जातो डाव्या टोकाच्या अटॅकरकडे किंवा उजव्या टोकाच्या युनिव्हर्सलकडे. चेंडू हवेत असेपर्यंत समोर दोन-तीन हातांची भिंत उभी राहते. या चेंडूवर कोण किती वेळा गुण काढतं, यावर क्लब पैसे मोजतात. चांगल्या पासवर मारणारे पुष्कळ मिळतात.

त्यात युनिव्हर्सल फिरण्याच्या क्रमात सेटरच्या बरोबर समोरच्या कोनात उभी असते. सेटर पुढच्या रांगेत आला की ती मागच्या रांगेत जाते, आणि पुढे मारणाऱ्या दोघीच उरतात. तेव्हा तिला मागून, अटॅक लाइनच्या अलीकडून उडी घेऊन मारावं लागतं. पाय रेषेच्या मागून सुटला पाहिजे, उतरताना पुढे पडली तरी चालतं. मागून मारता न येणारी युनिव्हर्सल म्हणजे सहापैकी तीन फेऱ्यांत संघ अपंग.

बोश्कोविच डावखुरी आहे. उजव्या टोकाला उभी असलेली उजव्या हाताची खेळाडू सेटरकडून येणारा चेंडू अंगावरून पलीकडे जाऊ देते आणि मग मारते. डावखुरीच्या मारणाऱ्या खांद्यापाशी तो आधीच पोचतो. क्षणाचा अगदी लहान भाग वाचतो, पण तेवढ्यात समोरच्या ब्लॉकरचा हात अजून बंद झालेला नसतो. शिवाय तिच्या मनगटाची दिशा ब्लॉकरच्या सवयीच्या उलट असते. कडेच्या रेषेलगत सरळ मारणार की कोपऱ्यातून कोपऱ्यात, हे खांद्यावरून ओळखायची सवय ज्या खेळाडूंनी उजव्या हातांवर बसवलेली असते, त्यांचे अंदाज इथे चुकतात. पावलंही आरशातल्यासारखी उलटी असतात. शेवटची दोन पावलं उजव्या हाताचा खेळाडू उजवा-डावा अशी टाकतो, डावखुरा डावा-उजवा.

हे सगळं कळल्यावर परदेशी खेळाडूंच्या मर्यादेचा नियम समजतो. इटलीच्या पुरुषांच्या सुपरलीगमध्ये कोर्टवर कायम किमान तीन इटालियन असावे लागतात. तुर्कस्तानात बरेच हंगाम एका वेळी तीनच परदेशी खेळाडू कोर्टवर चालत. जपानमध्ये आशियाई कोटा वेगळा ठेवून बरीच वर्षं एकच चालत असे, २०२४ मध्ये सुरू झालेल्या एसव्ही लीगमध्ये दोन चालू लागले. आपल्या प्राइम लीगमध्येही संघामागे दोनच परदेशी. जागा कमी, म्हणून क्लब त्या अशा ठिकाणी वापरतात जिथे देशात माणूस मिळत नाही: युनिव्हर्सल, मग डाव्या टोकाचा अटॅकर, मग मिडल. लिबेरोवर, म्हणजे फक्त पासिंग आणि बचाव करणाऱ्या खेळाडूवर, परदेशी जागा घालवणारा क्लब क्वचितच सापडेल. म्हणून उत्तम सर्बियन लिबेरोपेक्षा साधारण सर्बियन युनिव्हर्सलला परदेशात लवकर काम मिळतं. अन्याय आहे, पण बाजाराचं गणित तसंच आहे. इवान मिल्कोविच, अलेक्सांदर अतानासियेविच, योवाना ब्राकोचेविच, बोश्कोविच ही सर्बियन युनिव्हर्सलची परंपरा अशी बाजाराच्या मागणीवर अचूक बसलेली आहे.

सर्बिया युरोपीय संघात नाही. त्यामुळे इटली, पोलंड, जर्मनीत कामाचा परवाना आणि वास्तव्याची कागदपत्रं ही वेगळी रांग असते. ऑगस्टमध्ये सराव सुरू होतो आणि कागद सप्टेंबरात येतो, असं घडलं की पहिले सामने बाहेर बसून जातात.

आकड्यांची भाषा

मोठ्या क्लबच्या प्रत्येक सामन्यात बाकाजवळ लॅपटॉप घेऊन एक माणूस बसलेला दिसतो. तो स्काउटमन. इटलीत तयार झालेल्या डेटा व्हॉली या प्रणालीत तो प्रत्येक स्पर्शाची नोंद करतो: कोणी, कोर्टच्या कुठल्या झोनमधून, कुठल्या झोनमध्ये, कसा. दर्जासाठी चिन्हं ठरलेली आहेत. उत्तम असेल तर #, चांगला असेल तर +, चूक असेल तर =. रात्री खेळलेला सामना सकाळपर्यंत दुसऱ्या क्लबच्या प्रशिक्षकाच्या पडद्यावर असतो.

वर्तमानपत्रात "तिने २० गुण घेतले" असं येतं. क्लब ते वाचत नाहीत, ते कार्यक्षमता काढतात. थेट गुणांतून चुका आणि ब्लॉक झालेले चेंडू वजा करायचे आणि एकूण प्रयत्नांनी भागायचं. समजा एकीने ४० चेंडू मारले, २० गुण झाले, ६ बाहेर गेले, ५ ब्लॉक झाले. उरले ९, म्हणजे २२.५ टक्के. दुसरीनेही ४० मारले, गुण १८, बाहेर ३, ब्लॉक २. उरले १३, म्हणजे ३२.५ टक्के. टाळ्या पहिलीला मिळतात, करार दुसरीला. त्यातही खराब पासवरची कार्यक्षमता वेगळी काढतात आणि वीस गुणांनंतरची वेगळी. एजंटने पाठवलेल्या निवडक स्मॅशच्या व्हिडिओवर आता कुठलाही शहाणा प्रशिक्षक सही करत नाही, तो अखंड सामने मागतो, तेही तगड्या संघाविरुद्धचे आणि शक्यतो हरलेले.

करार आणि आयटीसी

फुटबॉलमध्ये क्लब खेळाडू "विकतो". व्हॉलीबॉलमध्ये तसं सहसा होत नाही. करार एक-दोन वर्षांचे असतात, संपले की खेळाडू मोकळी. त्यामुळे दर वसंतात, प्ले-ऑफ चालू असतानाच, पुढच्या हंगामाची बोलणी सुरू असतात. मार्चमध्ये घोटा मुरगळला तर त्याची किंमत पुढच्या वर्षीच्या पगारात मोजावी लागते.

परदेशी क्लबकडून खेळायला इंटरनॅशनल ट्रान्सफर सर्टिफिकेट, म्हणजे आयटीसी लागतं. ते आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, एफआयव्हीबीच्या, ऑनलाइन प्रणालीतून निघतं. बोलीभाषेत सांगायचं तर एका कागदावर अनेकांचा होकार लागतो: खेळाडू, नवा क्लब, नव्या क्लबच्या देशाचा महासंघ, खेळाडूचा मूळ महासंघ, आणि शेवटी खंडाचा महासंघ व एफआयव्हीबी. प्रत्येक टप्प्यावर शुल्क असतं आणि ते सहसा नवा क्लब भरतो. शुल्काचा एक भाग मूळ महासंघाला मिळतो. म्हणजे बाहेर गेलेल्या प्रत्येक खेळाडूमागे सर्बियाच्या महासंघाकडे थोडे पैसे परत येतात. मूळ महासंघ म्हणजे जिथे खेळाडूची पहिली अधिकृत नोंदणी झाली तो. तो आयुष्यात एकदाच, आणि कडक अटींवर बदलता येतो. आयटीसीला मुदत असते. करार दोन वर्षांचा असला तरी प्रमाणपत्र हंगामापुरतं. दुसऱ्या वर्षी पुन्हा तीच फेरी.

आता करारात काय पाहायचं. रक्कम निव्वळ आहे की कर धरून, हे आधी. इटलीत आणि तुर्कस्तानात परदेशी खेळाडूंची बोलणी बहुधा निव्वळ आकड्यात होतात, कर क्लबने भरायचा असतो. तो त्याने खरंच भरला याची पावती मागण्याचा हक्क करारात लिहून घ्यावा लागतो, नाहीतर काही वर्षांनी करखात्याची नोटीस खेळाडूच्या पत्त्यावर येते. पगार बारा महिन्यांचा नसतो, आठ-दहा हप्त्यांत विभागलेला असतो. उन्हाळ्यात क्लबचे पैसे येत नाहीत, हे घरखर्चाचा हिशेब करताना नवखे विसरतात. सोबत राहायला फ्लॅट, बहुतेकदा गाडी, वर्षातून ठरावीक विमान तिकिटं, वैद्यकीय विमा. फ्लॅटचं भाडं क्लबचं, पण हीटिंगचं बिल कोणाचं? युरोपातल्या हिवाळ्यात हा प्रश्न लहान नसतो.

तीन कलमं मात्र अशी आहेत की त्यांच्यावर कंजुषी करू नये. पहिलं, वैद्यकीय तपासणी. "तपासणीत उत्तीर्ण झाल्यास करार लागू" असं लिहिलेलं असतं. ती तपासणी पोचल्यापासून ठरावीक तासांत झाली पाहिजे आणि झाली नाही तर करार आपोआप पक्का, अशी पुस्ती हवी. ती नसेल तर क्लब तीन आठवडे सराव घेतो, दुसरी स्वस्त खेळाडू सापडली की गुडघ्याच्या एमआरआयमध्ये काहीतरी "सापडतं". सात-आठ वर्षं उड्या मारलेल्या कुठल्याही गुडघ्यात काहीतरी सापडतंच.

दुसरं, उशीर. हप्ता ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त लांबला तर खेळाडूला सामना न खेळण्याचा, आणि आणखी लांबला तर उरलेल्या रकमेवरचा हक्क न सोडता करार मोडून जाण्याचा अधिकार. क्लबकडून "देणं-घेणं नाही, जाण्यास हरकत नाही" असं पत्र मिळण्याची अटही याच कलमात. हे पत्र अडवून ठेवणं हे बुडीत क्लबचं आवडतं हत्यार आहे, कारण पत्र नसेल तर हंगामाच्या मध्यात दुसरीकडे खेळणं अडतं. अनुभवी एजंट पहिला हप्ता खात्यात जमा होईपर्यंत खेळाडूला आयटीसीच्या प्रणालीत होकार दाबू देत नाहीत. पैसे थकलेच तर एफआयव्हीबीकडे दाद मागता येते आणि देणं न फेडणाऱ्या क्लबला नवे परदेशी खेळाडू नोंदवण्यास बंदी होऊ शकते. तोंडी कबूल झालेला बोनस मात्र तिथे सिद्ध करता येत नाही. लिहिलेलं तेवढंच खरं.

तिसरं, राष्ट्रीय संघात झालेली दुखापत. क्लबचा पगार चालू राहील का, उपचार कोण करेल, आपल्या डॉक्टरचं दुसरं मत घेता येईल का. महिला खेळाडूंसाठी यात गरोदरपणाची भर घालावी लागते. २०२१ मध्ये इटलीत एका क्लबने गरोदर झालेल्या खेळाडूकडूनच नुकसानभरपाई मागितल्याचं प्रकरण गाजलं, आरडाओरडा झाल्यावर क्लबने दावा मागे घेतला. तेव्हापासून या कलमाकडे वकील तरी डोळे उघडून पाहतात.

गुडघा, खांदा, घोटा

या व्यवसायात भांडवल म्हणजे सांधे. सगळ्यांत जास्त छळतो तो गुडघ्याच्या वाटीखालचा कंडरा, म्हणजे टेंडन. दुखणं नेमकं वाटीच्या खालच्या टोकाला, बोट ठेवून दाखवता येईल असं. सुरुवातीला सराव संपल्यावर, मग सराव सुरू होताना, मग जिना उतरताना. सर्वांत सामान्य चूक म्हणजे महिनाभर पूर्ण विश्रांती घेऊन एकदम पूर्ण उड्यांवर परतणं. दुखणं थांबतं, पण कंडऱ्याची भार पेलण्याची ताकदही त्या महिन्यात उतरते. दुसऱ्याच आठवड्यात पहिले पाढे पंचावन्न.

फिजिओ मंडळी हे टप्प्यांनी करतात. आधी हालचाल न करता जोर धरून ठेवणं: गुडघा ठरावीक कोनात, जड वजन, ४५ सेकंद, असं पाच वेळा, मध्ये दोन मिनिटं थांबून. हंगामातही चालतं, दुखणं तात्पुरतं उतरवतं. मग एक दिवसाआड जड आणि संथ व्यायाम: तीन सेकंदांत खाली, तीन सेकंदांत वर, तीन-चार संच, सुरुवातीला पंधरा वेळा आणि आठवडे जातील तसं वजन वाढवत सहापर्यंत. मग उतरण्याचा सराव, मग लहान उड्या, आणि शेवटी धावत येऊन स्मॅशची उडी. पुढच्या टप्प्यावर जायचं की नाही हे व्यायाम करताना किती दुखलं त्यावरून ठरत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एका पायावर उतरत्या फळीवर अर्धं बसून पाहतात. दुखणं कालच्याइतकंच असेल तर पुढे, वाढलं असेल तर एक पायरी मागे. या सगळ्याला बारा आठवडे सहज लागतात, आणि वर पाहिलेल्या कॅलेंडरमध्ये बारा आठवडे नसतात. म्हणून पुष्कळ खेळाडू हा कंडरा बरा करत नाहीत, वर्षानुवर्षं नुसता सांभाळतात. त्यासाठी कमरेच्या पट्ट्यातलं उड्या मोजणारं यंत्र वापरतात. प्रशिक्षकाला "आज हलकं घेऊ" असं सांगण्यापेक्षा "आज साठ उड्या, बस" असं सांगणं सोपं जातं.

खांद्याचं दुखणं फसवं असतं, कारण काही वेळा ते दुखतच नाही. मारणाऱ्या हाताच्या खांद्याच्या पाठीमागे, तिथल्या पसरट हाडावर, खळगा दिसायला लागतो. तिथल्या स्नायूची नस सततच्या ताणाने दबून स्नायू सुकलेला असतो. हात बाहेर वळवण्याची ताकद दोन्ही बाजूंना मोजली की फरक आकड्यात कळतो. म्हणून ही मोजणी हंगामाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी करतात.

घोट्याचा अपघात नेटखाली होतो. नियमानुसार पावलाचा काही भाग मधल्या रेषेला टेकलेला किंवा तिच्या थेट वर हवेत राहिला तर पाऊल पलीकडे गेलेलं चालतं. म्हणजे ब्लॉक करून खाली येणारीच्या जागेवर समोरच्या अटॅकरचं पाऊल कायदेशीररीत्या असू शकतं. त्यावर पाय पडला की घोटा आत वळतो. एकदा मुरगळलेल्या घोट्याला सपोर्ट बांधून खेळणं हा भित्रेपणा नाही, पुन्हा मुरगळण्याची शक्यता त्याने कमी होते.

याच्या जोडीला उत्तेजक चाचणीचं ओझं. चाचणीच्या मुख्य यादीत असलेल्या खेळाडूला वर्षातल्या प्रत्येक दिवसासाठी कुठे सापडेल ते साठ मिनिटांच्या वेळेसह आधीच कळवावं लागतं. बारा महिन्यांत तीनदा सापडली नाही किंवा माहिती चुकली, तर काहीही न घेता बंदी येऊ शकते. दर चार दिवसांनी हॉटेल बदलणाऱ्या माणसाला हे किती सोपं असेल, ते सांगायला नको.

मग राष्ट्रीय संघ कशासाठी

उन्हाळ्यात क्लबचा पगार नाही, शरीर थकलेलं, आणि तरी सर्बियन खेळाडू जातात. भावना आहेच. सर्बिया तेव्हा ज्याचा भाग होता त्या युगोस्लाव्हियावर आंतरराष्ट्रीय बंदी असताना ज्यांची उमेद वाया गेली त्या पिढीने बंदी उठल्यावर १९९६ मध्ये अटलांटात ब्राँझ आणि २०००मध्ये सिडनीत रशियाला ३-० हरवून सुवर्ण मिळवलं. त्या संघाचे प्रशिक्षक झोरान गायिच पुढे देशाचे क्रीडामंत्री झाले. व्हॉलीबॉलला तिथे असलेला मान यावरून कळावा.

पण व्यवहारही आहे. मोठ्या स्पर्धेतली एक चांगली फेरी पुढच्या कराराचा भाव ठरवते, कारण जगातले सगळे प्रशिक्षक ती एकाच वेळी पाहत असतात. शिवाय सर्बियात ऑलिंपिक, जागतिक आणि युरोपीय पदकविजेत्यांसाठी राष्ट्रीय क्रीडा सन्मान आहे. ठरलेलं वय गाठल्यावर त्यांना सरकारकडून आयुष्यभर मासिक मानधन मिळतं, आणि पदकाचा रंग व स्पर्धा यांवर त्याचं प्रमाण ठरतं. तिशीनंतर ज्या व्यवसायात उत्पन्न उतरणीला लागतं, तिथे ही रक्कम म्हणजे निवृत्तिवेतनच.

उतरण

किती वर्षं खेळता येईल हेही जागेवर अवलंबून असतं. युनिव्हर्सल आणि मिडल उडीवर जगतात. त्यांची उडी थोडी उतरली तरी चेंडू ब्लॉकच्या वरून जाण्याऐवजी हातांवर जाऊ लागतो. मग ताकदीऐवजी हात पाहून कडेवर मारणं, बोटांना लावून बाहेर काढणं असं करत आणखी काही हंगाम निघतात. सेटरचं भांडवल डोक्यात आणि बोटांत असतं. १९८४ मध्ये झ्रेन्यानिनला जन्मलेली सेटर माया ओग्नेनोविच २००८ ते २०२४ अशा पाच ऑलिंपिकना खेळली. त्याच गावचा निकोला ग्रबिच नव्वदच्या दशकात इटलीला गेला तो चाळिशीपर्यंत सेटर म्हणून खेळला. २०१४ मध्ये थांबला आणि लगेच पेरुजाचा प्रशिक्षक झाला. मग सर्बियाचा, मग पोलंडमधल्या क्लबचा, आणि २०२२ पासून पोलंडच्या राष्ट्रीय संघाचा. त्या संघाने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रौप्य मिळवलं.

सेटरच प्रशिक्षक जास्त होतात, कारण दर चेंडूला समोरच्या सहा जणांची मांडणी वाचणं हे त्यांचं आयुष्यभराचं कामच असतं. बाकीच्यांनी तयारी आधीच करावी लागते. प्रशिक्षकाच्या परवान्याचे टप्पे खेळत असतानाच उन्हाळ्यात पूर्ण करता येतात, काही जण स्काउटमनच्या शेजारी बसून डेटा व्हॉली शिकून घेतात. परदेशी लीगमध्ये दहा-बारा वर्षं काढलेल्या खेळाडूला तीन-चार भाषा येतात, आणि त्या जोरावर एजंटचं काम करणारेही आहेत. मात्र दहा वर्षं पाच देशांत निव्वळ पगारावर काम केलेल्यांनी एक गोष्ट शेवटच्या हंगामाआधीच तपासून घ्यावी: कुठल्या देशात सामाजिक सुरक्षेचा किती हप्ता भरला गेला. ती नोंद क्लबच्या कार्यालयातून मागवायची तर क्लब चालू असेपर्यंतच मागवलेली बरी. बंद पडलेल्या क्लबकडून कागद मिळवायला वर्षं जातात.